बसथांब्यांच्या फलकांवर झळकलेल्या प्रश्नास रीतसर उत्तर देण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य प्रशासकीय अधिकारी,
शहर बससेवा, मुख्य कार्यालय,
पहिला मजला, जिन्यासमोरील दालन.

(विभागप्रमुखांनी हा अर्ज हातात घेण्यास नकार दिल्याने थेट सादर.)

विषय : दुपारच्या सुमारास सर्व फलकांवर झळकलेल्या प्रश्नास रीतसर उत्तर देण्याची परवानगी मिळणेबाबत व तदनुषंगिक इतर मागण्यांबाबत.

संदर्भ : १) आपले 'कारणे दाखवा' ज्ञापन.
२) आपलाच संपर्कबंदीचा आदेश.
३) चौकशी खिडकीवर अद्याप वाजत असलेला दूरध्वनी.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्या अधिपत्याखालील वेळापत्रक विभागात आज्ञावलीकार या पदावर कार्यरत आहे. शहरातील प्रत्येक बसथांब्यावर जो दिव्यांचा फलक आहे आणि ज्यावर पुढची बस कोणती व ती कधी येणार हे उमटते, त्या सर्व फलकांना मजकूर पुरवणारे मुख्य यंत्र सांभाळणे हे तिचे काम होय. सदर यंत्र लिनक्स या संगणक प्रणालीवर चालते. त्यावर चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळी खिडकी उघडायची, आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचे, की यंत्र निमूटपणे कामाला लागते. अर्जदारास या खिडकीचा लळा आहे, हे ती नाकारत नाही. विभागप्रमुख मात्र तिला 'तो काळा फळा' म्हणतात आणि तिच्याकडे पाठ करून बसतात.

२. विभागात नवे यंत्र आले की ते पहिल्यापासून जुळवताना दर वेळी तीच शोधाशोध होई. कोणती साधने घालायची, कोणती आज्ञा कशाला, सगळे नव्याने आठवायचे. म्हणून अर्जदाराने 'नवे यंत्र हाती आल्यावर' या शीर्षकाची टिपणे तयार करून ठेवली. टिपणे सर्वांसाठी असल्याने त्यांची भाषा मुद्दाम घरगुती ठेवण्यात आली. उदाहरणार्थ : "गवताच्या गंजीत सुई शोधू नका, ग्रेपला सांगा, तो हुडकून देतो." "नोंदी वाहताना बघायच्या असतील तर टेल लावून बसा. पुलावर उभं राहून पाणी बघितल्यासारखं वाटतं." "लांबलचक आज्ञा रोज टाइप करून बोटं झिजवू नका, तिला टोपणनाव द्या." "मघाची आज्ञा परत हवी असेल तर वरचा बाण दाबा, ती हजर होते." आणि ज्यावरून पुढचे सर्व रामायण घडले ती ओळ : "राइट म्हणजे एकालाच, कानात सांगितल्यासारखं. वॉल म्हणजे यंत्राला जोडलेल्या सगळ्यांना, गच्चीवरून ओरडल्यासारखं."

फलक हेही यंत्राला कायम जोडलेलेच असतात. हे वाक्य आपण कृपया पुन्हा एकदा वाचावे.

३. प्रकरणातील दुसरी व्यक्ती म्हणजे तळमजल्यावरील फलक तंत्रज्ञ. शिडी, पाना आणि मांडीवर मावेल एवढे छोटे यंत्र घेऊन ते थांब्याथांब्यांवर जातात आणि बिघडलेले फलक सुरू करतात. कामात चोख, बोलण्यात मात्र पार कच्चे. पूर्वी फलक तपासायचा झाला की ते शिडीवरूनच अर्जदारास फोन करीत, "हॅलो" म्हणत आणि मग बराच वेळ नुसताच रस्त्याचा आवाज येई. "काही पाठवू का फलकावर?" असे अर्जदारानेच विचारायचे, मग ते "हो, चालेल, म्हणजे तुम्हाला सोयीचं असेल तर" असे म्हणायचे. शेवटी अर्जदाराने त्यांना टिपणांची प्रत दिली आणि सांगितले, "तुम्हीच वॉलवरून 'चाचणी' असं पाठवत जा. फलकावर उमटलं की समजायचं, फलक ठणठणीत."

तंत्रज्ञांनी टिपणे वाचली. नुसती वाचली नाहीत, पाठ केली. आणि महोदय, जो माणूस जिन्यात समोर आला तर भिंतीला चिकटून वाट देतो, तोच माणूस राइटवर आला की मोकळा होतो, असे अर्जदाराच्या निदर्शनास आले. डबा खाता खाता पडद्याच्या तळाशी हळूच एक ओळ उमटायची. "बाजारातल्या फलकात चिमणीने घरटं केलंय. बसची वेळ दिसत नाही, पण चिमणी वेळेवर येते. काढू का?" अर्जदार उलट लिहायची, "खबरदार. त्या फलकाला दुरुस्तीतून सूट." दुसऱ्या दिवशी ओळ यायची, "पिल्लं झाली. विभागप्रमुखांना सांगू नका." हा सर्व पत्रव्यवहार जेवणाच्या सुट्टीत झाला असून त्यामुळे एकही बस चुकलेली नाही.

४. आता मूळ घटना. गेल्या सोमवारी दुपारी तंत्रज्ञ मुख्य चौकातील थांब्यावर शिडीवर उभे होते. त्याआधी जेवणाच्या सुट्टीत ते अर्जदाराशी राइटवर बोलत होते. मग फलक दुरुस्त झाला म्हणून त्यांनी वॉलवरून 'चाचणी' पाठवली. फलक झळकला. ऊन छान होते, काम फत्ते झाले होते, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर "एकदम छाती भरून आली". कित्येक महिने जे मनात घोळत होते ते आत्ताच विचारून टाकू, असे त्यांना वाटले. टिपणांत सांगितल्याप्रमाणे त्यांनी वरचा बाण दाबला. तो एकदाच दाबला. दोनदा दाबला असता तर राइटची आज्ञा आली असती. एकदाच दाबल्याने वॉलची आली. तंत्रज्ञांनी त्यातील 'चाचणी' हा शब्द खोडला, त्या जागी आपला प्रश्न लिहिला, डोळे मिटले आणि एंटर दाबले.

डोळे उघडले तेव्हा त्यांच्या नाकासमोर, हातभर उंचीच्या दिव्यांच्या अक्षरांत, त्यांचाच प्रश्न उभा होता :

माझ्याशी लग्न कराल का?

पाठवणाऱ्याचे नाव वरच्या ओळीत असते. फलक मजकुराची फक्त पहिली ओळ दाखवतात, त्यामुळे नाव कुठेच उमटले नाही. शहरातील प्रत्येक थांब्यावर, बस कधी येणार असे बघायला मान वर केलेल्या प्रत्येक नागरिकास, कोणीतरी, कोणालातरी, लग्नाचे विचारत होते.

५. चौकातल्या थांब्यावर त्या वेळी पालेभाजीची पिशवी घेऊन एक बाई उभ्या होत्या. सदर बाई ही अर्जदाराची सख्खी मावशी असल्याचे त्याच संध्याकाळी निष्पन्न झाले. त्या वेळी मात्र मावशी व तंत्रज्ञ एकमेकांस ओळखत नव्हते. मावशीने आधी फलक वाचला, मग शिडीवरच्या माणसाकडे बघितले.

"मला विचारताय का?" मावशी म्हणाली.

"नाही, नाही हो! तुम्हाला नाही. म्हणजे तुमच्यात काही कमी आहे असं नाही म्हणत मी..."

"मग कोणाला?"

"त्या ऑफिसात असतात."

"आणि तुम्ही बसस्टॉपवरून विचारताय?"

"मी कानातच सांगत होतो हो मावशी," तंत्रज्ञ रडकुंडीला येऊन म्हणाले, आणि उतरताना त्यांचा पाय मावशीच्या पिशवीवर पडला.

तेवढ्यात बस आली. कोणीही चढेना. चालकांनी खिडकीतून डोके काढून विचारले, "अहो, चढताय ना?" त्यावर रांगेतून उत्तर आले, "थांबा हो जरा, काय म्हणते ते तर कळू दे." चालकांनी फलक वाचला आणि त्यांनीही इंजिन बंद केले. हाच प्रकार सर्व थांब्यांवर घडला. येथे एक तांत्रिक बाब नमूद करणे भाग आहे. फलकावरचा मजकूर पुढची बस हलली की आपोआप बदलतो. बस हलेना, म्हणून मजकूर बदलेना. मजकूर बदलेना, म्हणून माणसे हलेनात. माणसे हलेनात, म्हणून बस हलेना. अवघे शहर मान वर करून उत्तराची वाट बघत उभे राहिले. ज्ञापनात यास 'वाहतुकीचा खोळंबा' असे संबोधण्यात आले आहे. अर्जदाराच्या मते तो खोळंबा नसून उत्सुकता होती.

६. उत्तर देणे ज्यांच्याकडून अपेक्षित होते, त्या व्यक्तीची अवस्था काय होती, हे ज्ञापनात कोठेही विचारलेले नाही. तरी नमूद करते. अर्जदार खुर्चीत बसली होती. पडद्यावर ओळ उमटली. फलकावर न मावलेला पुढचा भागही तिच्या पडद्यावर होता, तो असा : "नाही म्हणालात तरी फलक दुरुस्त करत राहीन. चिमणीची खबरही देत राहीन." ते वाचून अर्जदाराने खुर्ची पडद्याजवळ ओढली. तिने तत्काळ राइटची आज्ञा दिली. 'होय' हा शब्द टाइप करायला त्या दिवशी जेवढे कष्ट पडले, तेवढे अख्खे वेळापत्रक नव्याने रचतानाही पडले नव्हते. 'हयो' झाले. खोडले. 'होह' झाले. खोडले. तिसऱ्यांदा 'ह' टाइप झाला आणि दार धाडकन उघडले.

विभागप्रमुख आत आले. त्यांच्या एका कानाला फोन होता आणि चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. "कोण कोणाशी लग्न करतंय?" ते ओरडले. "माझ्या विभागातून? मला न विचारता?"

"साहेब, एकच शब्द लिहायचाय," अर्जदार म्हणाली.

"एकही शब्द नाही! बंद करा! सगळं बंद करा!"

आणि ते टेबलाखाली शिरले. प्रथम त्यांनी पंख्याची पिन उपटली. मग चहाच्या किटलीची. मग स्वतःच्याच फोनच्या चार्जरची. त्यानंतर मुख्य यंत्राची पिन त्यांच्या हाती लागली. अर्जदाराचा 'ह' पडद्यावर क्षणभर लुकलुकला आणि विझला. त्याच क्षणी शहरातील सर्व फलक काळे झाले. चौकात, मावशी सांगते, लोकांनी एकसाथ "अरेरे!" असा मोठा उसासा सोडला, एक आजोबा तर म्हणाले, "नाही म्हणाली वाटतं."

नाही म्हणाली नव्हती, महोदय. मी नाही म्हणाले नव्हते. (क्षमस्व. अर्जदार नाही म्हणाली नव्हती.)

७. ज्ञापनातील प्रश्नांची उत्तरे खालीलप्रमाणे. सदर प्रश्न कार्यालयातर्फे विचारण्यात आला होता काय? नाही. कार्यालयाचा कोणाशीही विवाह करण्याचा हेतू होता काय? अर्जदाराच्या माहितीप्रमाणे नाही. तथापि आपल्या मनातले तिला सांगता येणार नाही. सदर विवाह कार्यालयीन वेळेत करण्याचे योजिले होते काय? त्यावर चर्चा झालेली नाही, होऊ दिलेली नाही. टिपणांमध्ये "अडलं की मॅनला विचारा" असे स्त्रीकर्मचाऱ्यांचा अवमान करणारे वाक्य कोणत्या अधिकारात घातले? मॅन हे पुरुषाचे नाव नसून प्रत्येक आज्ञेची माहिती सांगणाऱ्या साधनाचे नाव आहे. तो कधी मध्येच तोडत नाही, चिडत नाही, आणि विचारले तेवढेच सांगतो, यावरून तो पुरुष नाही हे चौकशी समितीच्या लक्षात यायला हवे होते. "हट्टाला पेटलेल्याला सरळ किल करा" हे वाक्य विभागप्रमुखांस उद्देशून आहे काय? नाही. ते अडकून बसलेल्या आज्ञावलीस उद्देशून आहे.

फलकांवरील मजकुरास नागरिकांकडून आलेले प्रतिसाद आवक विभागाने नोंदवून घेतले असून 'निकाली काढावेत' असा शेरा मारून अर्जदाराकडे पाठविले आहेत. त्यांतील काही असे : एका दंतवैद्यांनी 'अटी काय आहेत' अशी पृच्छा केली आहे. एका व्यायामशिक्षकांनी दंड दाखवणारे छायाचित्र जोडून 'तयार आहे' असे कळविले आहे. एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी 'कराल का' ऐवजी 'करशील का' असते तर प्रश्नात जास्त गोडवा आला असता, असा अभिप्राय दिला आहे. आणि एक काका प्रत्यक्ष कार्यालयात आले. थांब्यावर प्रश्न वाचून त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या स्वतःच्याच पत्नीला हसत हसत कोपराने ढोसले होते, "काय हो, कराल का?" त्यावर काकू म्हणाल्या, "विचार करून सांगते." काकांचे म्हणणे, त्या अजून विचारच करीत आहेत, आणि या काळात त्यांचे जेवण बिघडले आहे. काकांना कार्यालयाने काय उत्तर द्यावे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.

उरलेल्या सर्व दूरध्वनींमध्ये मात्र एकच विचारणा आहे. चौकशी खिडकीवरच्या ताईंचा घसा बसला आहे. लोक बसची वेळ विचारायच्या आधी विचारतात, "हो म्हणाली का हो?" ताई नियमाप्रमाणे सांगतात, "प्रकरण चौकशीधीन आहे." त्यावर कालच एका गृहस्थांनी चिडून म्हटले, "अहो, चौकशी कसली करताय, तिला बोलू द्या की!" अर्जदारास त्या गृहस्थांचा पत्ता मिळाल्यास आभाराचे पत्र पाठवायचे आहे.

८. आता तक्रार. संदर्भ क्रमांक दोनच्या आदेशान्वये, चौकशी पूर्ण होईपर्यंत अर्जदार व तंत्रज्ञ यांनी एकमेकांशी 'तोंडी, लेखी, विद्युत अथवा अन्य कोणत्याही माध्यमातून' संपर्क साधू नये असे बजावण्यात आले. इथवर ठीक. परंतु तंत्रज्ञांवर नजर राहावी म्हणून त्यांना तळमजल्यावरून उचलून अर्जदाराच्याच खोलीत, काचेच्या पडद्यापलीकडे बसवण्यात आले आहे. उत्तर ऐकायला आसुसलेला माणूस आणि उत्तर द्यायला आसुसलेली बाई, मध्ये काच, आणि काचेसमोर वही घेऊन बसलेले विभागप्रमुख! परवा अर्जदारास शिंक आली. तंत्रज्ञ सवयीने म्हणाले, "पाणी घ्या." त्यांना ताकीद मिळाली. अर्जदाराने पाणी घेतले. तिलाही मिळाली, कारण ते 'प्रत्युत्तर' होते. अर्जदाराने मान डोलावून होय सुचवण्याचा विचार केला होता, पण तंत्रज्ञ मानच वर करीत नाहीत. ते समजून चालले आहेत की फलक विझले तेच उत्तर होते. दिवसभर एकच स्क्रू काढतात आणि परत बसवतात. महोदय, हे बघवत नाही.

भरीस भर म्हणून काळी खिडकी बंद करून नवी चित्रखिडकी आणली आहे. उशिरा धावणाऱ्या बस शोधायला पूर्वी अर्जदार एक ओळ लिहीत असे. ग्रेप हुडकायचा, सॉर्ट रांगेत लावायचा, आणि हातातला चहा निवायच्या आत काम आटोपायचे. आता प्रत्येक बसच्या चित्रावर टिचकी मारून, ती उघडून, 'आपली खात्री आहे काय' या प्रश्नास 'होय' म्हणून, ती बंद करून पुढच्या चित्राकडे जावे लागते. अर्जदार दिवसभर एका यंत्राला होय, होय, होय म्हणत असते आणि ज्याला म्हणायचे आहे तो काचेपलीकडे स्क्रू फिरवत बसलेला असतो. यातील क्रौर्य आपल्या नजरेस आणून देणे अर्जदार आपले कर्तव्य समजते.

त्यातच आज सकाळी तंत्रज्ञांची बदली शहराबाहेरच्या आगारात करण्याचा प्रस्ताव असल्याचे समजले. तेथे फलकच नाहीत. फलक नसलेल्या ठिकाणी फलक तंत्रज्ञ पाठवणे म्हणजे काय, हे अर्जदार आपल्या विवेकावर सोडते. ती मात्र आज सकाळपर्यंत गप्प होती, ती आता राहू शकत नाही.

९. घरची परिस्थिती. सोमवारी संध्याकाळी मावशी घरी आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलू लागली, "अगं, काय गोड मुलगा! शिडीवरून उतरला, माझी मेथी तुडवली आणि इतक्यांदा माफी मागितली की शेवटी मीच त्याची माफी मागितली. ती कोण ऑफिसातली आहे देव जाणे, पण नाही म्हणाली तर मी स्वतः जाऊन तिचे कान उपटीन."

अर्जदाराची आई चहा गाळत होती. तिने अर्जदाराच्या चेहऱ्याकडे एकदा बघितले, गाळणी खाली ठेवली आणि म्हणाली, "ताई, कान इथेच आहेत बघ. उपट."

त्यानंतर घरात जो गोंधळ झाला तो कार्यालयीन स्वरूपाचा नसल्याने येथे देत नाही. मावशी पलंगावर बसून टाळ्या वाजवीत होती एवढेच सांगते. आई मात्र मुद्द्याची आहे. "मग सांगितलंस का त्याला?" तिने विचारले.

"संपर्कबंदी आहे. लेखी आदेश आहे, आई."

"तोंडाने सांगायचं नाही?"

"नाही."

"चिठ्ठी?"

"नाही."

"अगं, मग साहेबांनाच लिही ना! साहेबांना अर्ज करायला कुठे बंदी आहे?"

अर्जदाराने त्या रात्री सेवानियमांचे पुस्तक काढले. त्यात स्पष्ट म्हटले आहे की ज्या अर्जात अन्य कर्मचाऱ्याचा उल्लेख असेल, त्या अर्जाची प्रत कार्यालयाने त्या कर्मचाऱ्यास देणे बंधनकारक आहे. कर्मचाऱ्याने नव्हे, कार्यालयाने. म्हणजे संपर्क अर्जदार साधत नसून आपण साधत आहात. आईला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या त्या काळ्या खिडकीपेक्षा हे बरं की." मावशीने अर्जाचा मसुदा ऐकला, तीन ठिकाणी डोळे पुसले आणि 'सविनय' हा शब्द वाढवायला लावला.

१०. सबब सविनय विनंती की :

अ) तंत्रज्ञांची बदली रद्द करावी. चूक एका बाणाची आहे, माणसाची नाही.

आ) संपर्कबंदी उठवावी. ते शक्य नसल्यास निदान शिंकेपुरती शिथिल करावी.

इ) काळी खिडकी पुन्हा सुरू करावी. वॉलवर हवे तर कुलूप लावावे. किल्ली आपण ठेवावी. टिपणांत त्याप्रमाणे नवी ओळ घालण्याची अर्जदाराची तयारी आहे : "बाण दाबल्यावर ओळ सुरुवातीपासून वाचा. मगच मनातलं बोला."

ई) चौकशी खिडकीवरच्या ताईंस दोन दिवस विश्रांती द्यावी.

उ) अर्जदारास व तंत्रज्ञांस एकाच वेळी रजा मंजूर करावी. कारणाच्या रकान्यात काय लिहावे ते दोघांचे एकदा बोलणे झाले की कळवण्यात येईल. मावशीची तोंडी सूचना अशी की साहेबांनाही बोलवावे.

अर्जदाराची मनःस्थिती सध्या अशी आहे की ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढते, वेळापत्रकाकडे बघून हसते, आणि काल तिने लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला "कळवते" असे सांगितले. अशा स्थितीत तिच्या हातून वेळापत्रकात चूक होऊ नये, या दृष्टीनेही प्रस्तुत अर्जाचा तातडीने विचार व्हावा.

आदेशाचे पालन करून करून टेकीला आलेली,
आपल्याच कार्यालयातील,
आज्ञावलीकार, वेळापत्रक विभाग
(सही)

दिनांक : आवक विभागाच्या शिक्क्याप्रमाणे. अर्जदारास आज कोणता वार आहे हे नीटसे सांगता येत नाही.

सोबत : १) 'नवे यंत्र हाती आल्यावर' या टिपणांची प्रत.
२) मावशीचे निवेदन, सही व ठशासह. (ठसा चहाच्या कपाचा आहे.)
३) नागरिकांचे प्रतिसाद. व्यायामशिक्षकांचे छायाचित्र आवक विभागाने परत केलेले नाही.

प्रत : फलक तंत्रज्ञ, वेळापत्रक विभाग, काचेपलीकडे, यांना माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी. आपण विचारलेल्या प्रश्नाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, होय. कृपया पोच द्यावी.

मा. मुख्य प्रशासकीय अधिकारी यांचा शेरा : वाचले. दोनदा. सोमवारी मीही थांब्यावर होतो. अ, आ, इ, ई मान्य. उ बाबत तारीख कळवावी, मी तो दिवस मोकळा ठेवतो. प्रत तत्काळ बजावावी. विभागप्रमुखांनी स्वतः नेऊन द्यावी.

पोच : प्रत मिळाली. विभागप्रमुखांनी आणून दिली, वर स्वतःचे पेनही दिले. स्वतःच्या सहीतच दोनदा चुकलो, म्हणून अंगठा लावतो आहे. अंगठ्याला ग्रीस होते, कागद काळा झाला, त्याबद्दल माफी असावी. मी मान वर केली आहे. तुम्ही काचेतून बघा.
फलक तंत्रज्ञ